खांद्याचा नवस

देवीची पालखी खांद्यावर घ्यायची म्हणून डुक्कर सोडावं लागलेला आमच्या गावातला मी पहिलाच. त्यातही गंमत अशी, की डुकराचा तुकडा मी जन्मात कधी ताटात पाहिलेला नाही. मी ते खात होतो कॅप्सूलमधून, लहानपणापासून, रोज, प्रत्येक जेवणाला. कॅप्सूल ताटाशेजारी ठेवायची माझी आई, आणि तिलाही त्याचा पत्ता नव्हता.

नीट सांगतो. मी स्वरूप. गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर. मला सिस्टिक फायब्रोसिस आहे. हे नाव वाडीत कुणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून सगळे त्याला ‘स्वरूपचा आजार’ म्हणतात, जसं काही मीच तो काढला. थोडक्यात काय, तर माझ्या अंगात जे पातळ असायला हवं ते दाट आहे. छातीत कफ डिंकासारखा चिकटतो, म्हणून रोज सकाळी मशीनमधून मिठाच्या पाण्याची वाफ ओढायची आणि खोकून खोकून तो बाहेर काढायचा. पोटात पाचक रस यायची वाट बुजलेली, म्हणून पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल. घेतली तर जेवण अंगी लागतं. नाही घेतली तर ते तेलातुपासकट जसंच्या तसं निघून जातं, आणि जाताना वाजतगाजत जातं.

तान्हा होतो तेव्हा मी अंग धरतच नव्हतो. दूध प्यायचो, खंडीभर शी करायचो आणि वाळत जायचो. आई माझा पापा घ्यायची आणि म्हणायची, “पोर खारट लागतंय.” बाबा हसायचे. त्या शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा आईने मला पदराखाली धरून नवस बोलला. बायका साडी बोलतात, नारळाचं तोरण बोलतात. आमच्या आईने स्वतःचं काही बोलायचं सोडून माझा खांदा बोलून टाकला. “पोर जगू दे. मोठा झाला की तुझी पालखी नाचवील.” पुढे मुंबईला डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “बाळाचा पापा घेतला तर खारट लागतं का हो?” तेव्हा आईने बाबांकडे असं काही पाहिलं म्हणतात, की बाबा त्यानंतर तिच्या कुठल्याच बोलण्याला हसले नाहीत.

तर खांदा बोलून झाला होता, पण तो द्यायचा कसा? माझं वजन वाढता वाढेना. दर शिमग्याला मी पुढे व्हायचो आणि आप्पा हात आडवा धरायचे. आप्पा म्हणजे गावचे मुख्य मानकरी. देवीपुढे गाऱ्हाणं घालतात ते, आणि पालखीला कोणी हात लावायचा ते ठरवतातही तेच. “मेल्या, पालखी तू उचलणार की पालखी तुला?” असं म्हणून ते मला ढोलाच्या मागे पिटाळायचे.

यंदा मात्र चमत्कार झाला. वर्षभर औषधं नीट घेतली, रत्नागिरीला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून वडे हाणले, आणि अंगावर मांस आलं. सखाराम काका हे पालखीच्या भोयांचे म्होरके. त्यांनी माझा खांदा बैल बघावा तसा दाबून बघितला आणि आप्पांना म्हणाले, “आप्पानू, हाड झाकलंय हो. घेऊया पोराला.” मी त्या आनंदात घरी चालत गेलोच नाही. मी उडत गेलो, आणि वाटेत यमुनाबाईंच्या अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्यांवरून घसरून पडलो.

आता भोयांचा नियम. पालखी देवळाबाहेर निघाली की परत देवळात जाईपर्यंत त्यांनी पायात काही घालायचं नाही आणि मांस-मच्छी खायची नाही. आप्पा प्रत्येकाला नारळावर हात ठेवून वदवून घेतात. मीही ठेवला. आणि सगळ्यांत मोठ्याने वदलो.

आणि त्याच दिवशी जेवताना माझा चुलतभाऊ ओमकार, शिमग्याला मुंबईहून आलेला आणि माझ्यासारखाच भोयांत घेतलेला, माझी कॅप्सूलची बाटली फिरवत बसला. या पोराला वाचायला कुणी सांगितलं होतं? बारीक इंग्रजी अक्षरं मोबाईलमध्ये घालून बघितलीन आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “भाई, हे डुकराच्या पोटातलं आहे.”

“काय?”

“स्वादुपिंड. डुकराचं. सुकवून भरलंय आत.” मग मला धीर द्यायला म्हणून पुढे म्हणाला, “परदेशातलं आहे पण. स्वच्छ असणार.”

कॅप्सूल माझ्या एका हातात होती आणि पहिला घास दुसऱ्या हातात. नारळावर ठेवलेला हात तो हाच. इकडे आईचा नवस, तिकडे डुक्कर. मी काय करायला हवं होतं ते आता कुणीही सांगेल. आईला विचारायचं, डॉक्टरीणबाईंना फोन करायचा, आप्पांना गाठायचं. पण आप्पांना विचारलं आणि ते ‘नाही’ म्हणाले तर? खांदा आताच कुठे मिळाला होता. मी कॅप्सूल खिशात टाकली आणि घास गिळला. शिमगा संपेपर्यंतच तर सोडायची, असं मनाला सांगितलं. वाफ घेत होतो, छातीची औषधं घेत होतो. एक पोटच तेवढं देवीच्या भरवशावर सोडलं.

आणि देवीने काय मजा केली माझी!

पालखी घरोघर फिरते. प्रत्येक घरात भोयांना आग्रह. इथे पुरणपोळी आणि वर तुपाची धार, तिथे शेवया आणि नारळाचा रस, पलीकडे घावन-घाटलं. नाही म्हणायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं. कॅप्सूल न घेता मी हे सगळं पोटात ढकलत होतो. पहिले एक-दोन दिवस नुसतं गुरगुरलं. मग पोट टम्म फुगलं. मग वारा सुटला.

तो वारा साधा नव्हता. ढोल वाजत असेपर्यंत माझी अब्रू झाकलेली असायची. पण ढोलवाले मध्येच विडी ओढायला थांबले की मला घाम फुटायचा. आमच्याच भोयांतल्या दीपकच्या दारात ढोल थांबले, आप्पांनी गाऱ्हाण्यासाठी डोळे मिटले, सगळं कसं शांत झालं, आणि मी देवीच्या पायाशी फटाका वाजवला. आप्पांनी डोळे उघडून सखाराम काकांकडे पाहिलं. काकांनी ओमकारकडे पाहिलं. ओमकारने, सगळं ठाऊक असून, मान खाली घातलीन आणि म्हणाला, “सॉरी.” त्या दिवसापासून मला ओमकारचे सगळे गुन्हे माफ आहेत.

बाकी वेळ मी काजूच्या बागेत. पालखी एका घरातून दुसऱ्या घरात जाईपर्यंत कुणीतरी खांदा बदलायचा, मी पळायचो, आणि पुढच्या घरी परत हजर. पोटात पीळ पडत होते, पाय लटपटत होते. पण माझी छाती अशी मोकळी कधी नव्हती! पालखी नाचवताना एवढं उड्या मारणं होतं, की सगळा कफ सुटून वर यायचा. कुंपणापलीकडे थुंकायचो आणि परत नाचायचो. वर ऊन, खाली तापलेला कातळ, समोर चांदीचे मुखवटे लखलखताहेत आणि बाया खिडकीतून बघताहेत. लहानपणापासून ज्याच्याकडे ‘अरेरे’ म्हणून पाहिलं त्याच्याकडे आता ‘अगो बाई’ म्हणून पाहत होत्या! मला चढली होती. न पिता चढली होती.

मग पोटात काही टिकेना तसं डोकंही हलकं झालं. नाचताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, मी झुललो, आणि यमुनाबाई किंचाळल्या, “वारं आलं! पोराच्या अंगात वारं आलं!” त्या येऊन माझ्या पाया पडल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “आई, माझी शेळी गेल्ये. कुटं हाय ती?” आता काय सांगू? मी डोळे मिटून म्हटलं, “आहे, आहे.” शेळी संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे दोन सुना, एक हरवलेली अंगठी आणि दहावीचा निकाल हजर.

मला त्यात मजा वाटत होती, हे सांगितलंच पाहिजे. पण चड्डीची नाडी रोज थोडी जास्त ओढावी लागत होती, तेही मला कळत होतं. अंगावर आलेलं मांस परत चाललं होतं. पालखी आमच्या घरी यायची ती सगळ्यांत शेवटी. तिथवर टिकायचं, आईच्या डोळ्यांदेखत आमच्या अंगणात पालखी नाचवायची, मग काय व्हायचं ते होऊ दे, एवढंच मी धरून होतो.

तो दिवस उजाडला. आईने अंगण सारवून घेतलं होतं, दारात रांगोळी, केसात अबोलीचा वळेसर. पालखी आमच्या वळणावर आली तेव्हा ती ताट घेऊन उभी होती आणि मला पालखीखाली बघून तिचा चेहरा असा काही उजळला, की मी पोटातली कळ विसरलो. आम्ही अंगणात शिरलो. ढोलाने जोर धरला. मी पहिली उडी घेणार, एवढ्यात माझी धाकटी बहीण सानवी मागच्या दाराने पळत आली, हातात माझा पांढरा सदरा.

“आई! ह्याचा खिसा बघ!”

सदऱ्याच्या खिशात माझ्या कॅप्सूल होत्या. घामाने त्यांची टरफलं विरघळून सगळा लगदा झाला होता आणि त्याला असा वास येत होता, की जवळचा ढोलवाला ढोलासकट दोन पावलं मागे सरला. टाकून द्यायला मन होत नव्हतं, म्हणून खिशात ठेवत गेलो होतो. महागाचं औषध टाकायचं कसं, आणि खायचं कसं?

आईने सदरा हातात घेतला, हुंगला, आणि मला विचारलं, “कधीपासून?”

“नारळावर हात ठेवलान तेव्हापासून,” सानवीने परस्पर सांगून टाकलं. ओमकारने तिच्यापुढे तोंड उघडलं होतं तर. “डुकराची आहे म्हणून!”

ढोल थांबले. पालखी खांद्यावर असताना खाली ठेवता येत नाही, म्हणून आम्ही भोयी तसेच उभे. आप्पा पुढे आले. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, अडचणीत सापडलेल्या माणसाचा होता.

“सुरेखा,” ते आईला म्हणाले, “पोरानं नियम पाळलान, त्यात त्याचं चुकलं नाय. पन आता कळलंय. गोळी घेणार असंल तर पालखीखाली ऱ्हाता येनार नाय त्याला. नियम माझा नाय, देवीचा हाय.”

“मग मी देवीशीच बोलते,” आई म्हणाली.

बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. ते मानकऱ्यांचं काम. आई ताट सानवीच्या हातात देऊन सरळ पालखीसमोर उभी राहिली, डोक्यावर पदर ओढलान आणि आप्पांच्याच चालीत सुरू झाली.

“बाय माझे! तुझ्यासमोर उभा हाय तो माझा पोरगा!”

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची गावाची सवय जन्माची. कोण बोलतंय ते कुणी बघितलं नाही. सगळं अंगण गरजलं, “व्हय म्हाराजा!”

“हा गाढव हाय!”

“व्हय म्हाराजा!”

“त्याला अक्कल नाय!”

“व्हय म्हाराजा!” यात सर्वांत मोठा आवाज माझ्या बाबांचा होता.

“पन बाय माझे, मी तुला पोराचा खांदा बोललंय. पोट नाय बोललंय! पोर जगू दे असं तुला सांगितलं, आनि तू जगवलंस. कशानं जगवलंस? ह्या गोळीनं जगवलंस! डुक्कर असू दे नायतर बेडूक असू दे, तूच धाडलंस ना मुंबैच्या बाईंच्या हातून? मग आता तुझ्याच पालखीखाली उपाशी मारतंस त्याला?” इथे तिचा आवाज फुटला. “तुला नको असंल हा खांदा तर मला परत दे. मी घेऊन जाते घरात. मला हवाय तो.”

‘व्हय म्हाराजा’ कुणी म्हणालं नाही. माझे दोन्ही हात दांड्यावर, डोळे पुसायला हात नाही. नाक गळत होतं ते तसंच गळू दिलं.

आप्पांनी एकदा पालखीकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग म्हणाले, “कौल लावूया. स्वरूप, बाहेर ये.”

माझ्या जागी दीपक गेला. मी आईशेजारी उभा राहिलो. आप्पांनी पालखीला हात जोडले. “आई, पोरानं गोळी घेतलेली तुला चालत नसंल, तर त्याला इथंच सोड आनि पुढं हो. चालत असंल तर हलू नको.”

ढोल सुरू झाला. आमच्या गावात पालखी आपली आपण चालते, भोयी फक्त खांदा देतात असं मानतात. पालखी झुलली. दीपक बिचारा खरोखरच पुढे रेटत होता, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. पालखी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, पण पुढे म्हणून सरकेना. मी मान खाली घालून उभा होतो, म्हणून मला ते दिसलं. सखाराम काकांच्या अनवाणी पायांच्या टाचा नुकत्याच सारवलेल्या अंगणात बोटभर रुतल्या होत्या. त्यांच्या मागे ओमकार. त्याच्याही टाचा रुतलेल्या.

मी वर पाहिलं तर आप्पाही तिकडेच बघत होते. टाचांकडे. मग त्यांनी नजर उचलून माडांच्या शेंड्यांकडे नेली, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “देवीनं सांगितलंन. हलनार नाय म्हनते. पोराला गोळी द्या आनि खांद्याला घ्या.”

“व्हय म्हाराजा!” म्हणताना माणसं हसत होती आणि रडत होती. सखाराम काका हळूच म्हणाले, “मग मीपन साखरेची गोळी चालू करतंय आजपासनं. सोडलीवती मीबी, शिमगा हाय म्हनून.” त्यांच्या बायकोने गर्दीतून जी नजर टाकली, ती त्यांनी पालखीआड होऊन चुकवली.

मला पायरीवर बसवलं. आईने मिठाची चिमूट घातलेलं कोकमाचं सरबत पाजलं, पुरणपोळीचा घास केला, आणि त्या घासाबरोबर कॅप्सूल माझ्या तोंडात घातली. सगळं गाव बघत होतं. मी गिळली. कॅप्सूल काही जादू नसते, पोट त्यानंतर कितीतरी दिवस माझ्यावर रुसून होतं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. आतडं तुंबलं असतं तर थेट ऑपरेशनच्या टेबलावर शिमगा झाला असता, एवढं त्यातलं सांगतो. पण त्या घटकेला मला फक्त एवढं कळत होतं, की लपवायला आता माझ्याजवळ काहीच उरलं नाही.

मी उठलो आणि पालखीखाली गेलो. दांडा खांद्यावर टेकला. ढोल घुमला, ताशा तडतडला आणि आम्ही उडालो. पुढे, मागे, खाली बसून वर. आमच्या अंगणात, आमच्या रांगोळीवरून. देवीचे मुखवटे डोक्यावर हसत होते. मला खोकला आला, छाती हादरली, डोळ्यांतून पाणी आलं, पण पाय थांबेनात.

सखाराम काकांनी ते पाहिलं. “खांदा बदला रे,” ते ओरडले, “पोर दमलंय.” दीपक पुढे झाला.

माझी आई म्हणजे मला जिना चढताना बघून ‘बस, दमशील’ म्हणणारी बाई. शाळेतल्या खेळांच्या तासाला चिठ्ठी देणारी, पावसात, उन्हात, लग्नाच्या वरातीत माझा दंड धरून मला कडेला घेणारी. ती दीपकच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली. तिचा वळेसर सुटून खांद्यावर आला होता आणि ती ढोलाच्या वर आवाज काढून ओरडली.

“कोनी हात लावू नका त्याला! नाच रे! नाच!”

मी नाचलो.